‘हा गेल्या वर्षीचाच फोटो ना?’ : किनाऱ्यावरचे फोटो सारखेच येत असतील तर काय तपासायचं

डिसेंबरातली गोष्ट. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरून सूर्यास्ताचे फोटो काढून घरी आलो. त्यातला एक जरा बरा वाटला म्हणून मुलीला दाखवला. तिने वहीतून मान वर केली, दोन सेकंद बघितलं आणि विचारलं, "बाबा, हा गेल्या वर्षीचाच ना?"

फोटो जेमतेम दीड तासापूर्वीचा होता. चिडण्याआधी मी गेल्या वर्षीचा फोटो शोधला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. ढग सोडले तर पोरीचं बरोबर होतं. उजव्या कडेला तेच सुरूचं झाड, मधोमध तीच क्षितिजाची रेघ, तिच्यावर बोटभर उंचीवर तोच नारिंगी गोळा.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. आमच्याकडे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या कुणालाही विचारा. आरे-वारेचा फोटो घाटातल्या त्याच वळणावरून, सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या धक्क्यावरून, तारकर्लीला पाण्यातली होडी. तीन-चार वर्षं अशी गेली की माणूस म्हणायला लागतो, "इथे आता काढण्यासारखं काही उरलं नाही." मग नवी लेन्स घ्यायचे नाहीतर लडाखला जायचे बेत सुरू होतात.

माझा धंदा मोटार-पंप दुरुस्तीचा. बागायतदारांचे सबमर्सिबल, विहिरीवरचे मोनोब्लॉक, घरात टाकीवर पाणी चढवणारे लहान पंप. गिऱ्हाईक दारातूनच सांगत येतं, "मोटार जळली." बऱ्याचदा ती जळलेली नसते. कॅपॅसिटर गेलेला असतो, नाहीतर फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकलेला असतो. "काढण्यासारखं काही उरलं नाही" हे मला त्याच जातीचं वाक्य वाटलं. म्हणून दुकानात जसं करतो तसंच केलं: आधी तपासणी, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की मोटार चालू होते, पण कशामुळे ते कळत नाही.

आधी काच बघा

हे लवकर उरकतो. खाऱ्या वाऱ्यात अर्धा तास उभं राहिलं की लेन्सच्या पुढच्या काचेवर मिठाचा पातळ थर बसतो. डोळ्याला दिसत नाही, पण सूर्य समोर असला की फोटो धुरकट, मरगळलेला येतो, आणि असे मरगळलेले फोटो एकमेकांसारखे दिसतातच. शर्टाच्या टोकाने कोरडं पुसू नका, मिठाचे कण चरे पाडतात. मऊ फडकं स्वच्छ पाण्यात घट्ट पिळून आधी मीठ विरघळवायचं, मग कोरड्या फडक्याने टिपायचं. एसी गाडीतून काढलेल्या कॅमेऱ्यावर बाष्प धरतं, त्याला पुसून उपयोग नाही. कॅमेरा गाडीतच प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि बाहेर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटं पिशवीतच राहू द्या. बाष्प पिशवीवर धरतं, काचेवर नाही.

दुसरी चिल्लर गोष्ट व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगांची सेटिंग. ऑटोवर ठेवला की कॅमेरा संध्याकाळचा तांबूसपणा आणि त्यानंतरचा निळेपणा, दोन्ही चुका समजून धुऊन टाकतो. सूर्याचं चिन्ह असलेल्या खुणेवर ठेवून द्या. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढत असाल तर नंतरही बदलता येतं. पण शेतात उभं असताना पिकाचा रंग दिसलेला बरा.

फोटोच्या पोटातली नोंद

खरा दोष इथे सापडला. प्रत्येक डिजिटल फोटोच्या आत वेळ, शटर (किती वेळ उघडं होतं), अपर्चर (लेन्सचं भोक केवढं होतं), आयएसओ (उजेड किती वाढवला), लेन्स किती एमएमवर होती (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद) हे सगळं लिहिलेलं असतं. मोबाइलमध्ये फोटो वर सरकवला किंवा माहितीचं बटण दाबलं की दिसतं. मी वर्षभरातले मला आवडलेले फोटो एका फोल्डरमध्ये काढले आणि मुलीच्या जुन्या वहीत रकाने पाडून उतरवायला बसलो.

दहा-बारा ओळी लिहून झाल्यावर पुढचं लिहायची गरजच उरली नाही. वेळ साडेपाच ते पावणेसात, सगळीकडे. लेन्स १८ एमएमवर, म्हणजे माझ्या झूमच्या रुंद टोकाला. तोंड पश्चिमेला. उंची नोंदीत येत नाही, पण क्षितिजाची रेघ बघून कळते: सगळे फोटो उभ्याने, कॅमेरा डोळ्याला लावून काढलेले. वर्षभरात मी एकदाही गुडघा टेकला नव्हता.

तेव्हा कोकणात विषय संपले नव्हते. मी एकाच जागी एकाच वेळी एकाच उंचीवर उभा होतो, इतकंच. तुमची नोंद वेगळं सांगेल. माझ्या एका मित्राचे सगळे फोटो सकाळी सातचे आणि ४०० एमएमचे निघाले, कारण त्याला पक्ष्यांचं वेड. त्याचे खंड्ये सगळे एकाच फांदीवर बसलेले दिसतात. फांद्या वेगळ्या आहेत असं तो शपथेवर सांगतो.

रविवार नाही, तिथी

चार गोष्टी सापडल्या: वेळ, दिशा, उंची, अंतर. मी वेळेपासून सुरुवात केली आणि पहिल्याच फटक्यात कळलं की घड्याळातली वेळ बदलण्यात फारसा अर्थ नाही. किनाऱ्यावर दोन घड्याळं चालतात, आणि मी फक्त सूर्याचं बघत होतो.

मी रविवार बघून जायचो. समुद्राला रविवार ठाऊक नाही. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे एका रविवारी सूर्यास्ताला वाळू मैलभर उघडी तर पुढच्या रविवारी पाणी सुरूच्या दिशेने सरकत आलेलं. जुन्या लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. पण फोटोवाल्याला कामाचा भाग पुढेच आहे.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती सगळ्यात चढती आणि ओहोटीही सगळ्यात खोल. आणि आपल्या किनाऱ्यावर ती खोल ओहोटी येते नेमकी पाच-साडेपाच ते सातच्या दरम्यान. म्हणजे एरवी पाण्याखाली असलेले खडक, डबकी, ओल्या वाळूचे पट्टे हे सगळं उघडं पडतं ते ऐन तिरप्या उन्हात. चतुर्दशी ते द्वितीया, महिन्यातून दोनदा. उलट अष्टमी-नवमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) सूर्यास्ताच्या वेळी भरती असते, वाळू झाकलेली, आणि पाण्याचा जोरही बेताचा. त्या दिवशी माझ्यासारखा माणूस काय करतो? क्षितिज आणि गोळा.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चार-पाच दिवसांना पेन्सिलने टिंबं मारून ठेवतो. एक सूचना मात्र गंभीरपणे: उधाणाच्या दिवशी पाणी जितकं लांब जातं तितकंच वेगाने परत येतं. खडकावर बसून कॅमेऱ्यात डोकं घातलं असताना मागची वाट भरून जाते. परतायची वेळ आधी ठरवून मोबाइलवर गजर लावून ठेवा. पावसाळ्यात खडकांच्या टोकाला जाऊच नका.

खाली बघा, पण खरंच खाली

तिथीप्रमाणे गेलो त्या पहिल्या संध्याकाळी आठ-दहा फोटो काढले आणि ते पुन्हा तसेच आले, फक्त वाळू जास्त. म्हणजे वेळ एकटी पुरत नव्हती. मग उंची बदलली. गोणपाट नेलं, अंथरलं आणि पालथा पडलो.

भाट्यापासून वर काळबादेवीपर्यंतच्या किनाऱ्यांवर वाळूत काळे कण दिसतात. ते इल्मेनाइट, टायटॅनियमचं खनिज. साध्या वाळूपेक्षा जड. लाट परतताना हलकी वाळू ओढून नेते आणि काळी मागे ठेवते, त्यामुळे पिवळट वाळूवर काळ्या पिसांसारखी, शाईने ओढल्यासारखी नक्षी उमटते. मी चाळीस वर्षं ही वाळू पायाखाली तुडवली आणि चपलेला चिकटते म्हणून तिला शिव्या घातल्या. तासभर पडून बघितल्यावर कळलं की दर लाटेगणिक नक्षी बदलते आहे. ओहोटीत वाळूतलं पाणी झिरपत खाली जातं तिथे त्याच्या वाटा झाडासारख्या फुटतात: खोड, फांद्या, डहाळ्या. एका वीतभर जागेत अख्खं पिंपळाचं झाड मिळालं, उलटं. फोटोत माप कळत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला ते विमानातून काढलेलं नदीचं खोरं वाटतं. माप कळू नये म्हणून चौकटीत शिंपला, पाऊल, काडी काही येऊ द्यायचं नाही.

पण माझा जीव अडकला तो कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, गोळ्यांमध्ये. वाळूत वाटाण्याएवढ्या, काही तर मसुरीएवढ्या कुर्ल्या असतात. पाणी ओसरलं की बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन तिच्यातला खाण्याजोगा अंश गाळतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळापासून सरळ रेषेत जायचं, परत यायचं, पुढची रेष. तासाभरात बिळाभोवती किरणांसारख्या शेकडो गोळ्या मांडल्या जातात. पुढची भरती ती रांगोळी पुसून नेते. दुसऱ्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही उभे राहिलात तर कुर्ली दिसणार नाही. सावली पडली की सगळ्या एकदम बिळात. पालथं पडून, सूर्य आपल्या बाजूला ठेवून, आपली सावली त्यांच्यावर पडणार नाही असं बघून दहा मिनिटं हलायचं नाही. हात अवघडतात. कॅमेऱ्याखाली मी चप्पल ठेवतो, उंची बरोबर येते आणि वाळूही लागत नाही. अपर्चर एफ/११ वर ठेवलं की गोळ्यांची पुढची-मागची रांग बरीचशी स्पष्ट मिळते. भोक आणखी लहान करून एफ/२२ ला नेलं की खोली वाढते पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच थोडं मऊ पडतं, त्याचा मोह टाळा. मोबाइल असेल तर उलटा धरा, कॅमेरे जमिनीकडे. लेन्स वाळूपासून बोटभर अंतरावर येते आणि मसुरीएवढी कुर्ली गणपतीएवढी दिसते.

असाच पालथा असताना खाडीच्या तोंडाशी खडकांवर कालवं काढणारी एक काकी पाटी घेऊन जवळ आली. "काय हरवलां काय तुमचां?"

"नाही काकी, कुर्ल्यांचे फोटो काढतोय."

तिने वाकून बघितलं. "त्यात खायला काय नाय हां." मग माझी कीव येऊन म्हणाली, "तकडं चिखलात जावा, निवटे उड्या मारतायत. पन लवकर, पानी आता वळंल."

पाणी वळायला अजून वीस मिनिटं होती माझ्या तक्त्याप्रमाणे. पंधरा मिनिटांत वळलं. आणि निवटे होते. तिवरांच्या (खारफुटीच्या) वर आलेल्या मुळांमध्ये चिखलावर बसलेले, डोळे डोक्यावर बटणासारखे. मासा असून ओहोटीत चिखलावर राहतात, ओल्या कातडीतूनही श्वास घेतात. उडी मारण्याआधी निवटा पाठीवरचा पर उभारतो, ती खूण. पर वर दिसला की बटण दाबायचं, शटर १/१००० किंवा त्याहून जलद. मी उडी दिसल्यावर दाबत होतो, म्हणून माझ्याकडे चिखलात पडलेल्या खळग्यांचे अकरा फोटो आहेत. उडीचा एक.

जागा सापडत नाही हे दुखणं असेल तर गुगल नकाशावर ‘ऑफबीट’ शोधण्याआधी कालवं काढणाऱ्या, जाळं टाकणाऱ्या, तिसऱ्या (शिंपले) उकरणाऱ्या माणसांशी दोन शब्द बोला. त्यांना कुठे काय हलतंय ते ठाऊक असतं.

दिशा: कशेळीच्या हत्तीने शिकवलेलं

राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) हत्तीचं मोठं कातळशिल्प आहे, ज्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. मी पहिल्यांदा गेलो ते भर दुपारी. समोर उभा राहून हत्ती कुठे आहे ते विचारत होतो. डोक्यावरच्या उन्हात जांभ्यातल्या उथळ रेघा दिसतच नाहीत, सगळा कातळ एकसारखा तांबडा. संध्याकाळी परत आलो तर सोंड, पाय, पोट सगळं उठून आलं होतं. कातळ तोच, रेघा त्याच. ऊन आडवं झालं होतं आणि प्रत्येक रेघेच्या एका काठाला सावली धरली होती. (रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यात खडू भरणारे, पाणी ओतणारे लोक पाहिले आहेत. तसं करू नका आणि शिल्पावर पायही देऊ नका. उन्हाची वाट बघा, ते फुकट आहे.)

वाळूची नक्षी, कुर्लीच्या गोळ्या, शिंपल्यांवरच्या कडा, सुरूची साल: जिथे पोत हा विषय आहे तिथे ऊन आडवं आणि बाजूने हवं. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी तोंड पश्चिमेला नको, उत्तरेला किंवा दक्षिणेला हवं. हे इतकं सोपं आहे आणि इतकं अवघड. सूर्यास्त चालू असताना त्याच्याकडे पाठ किंवा खांदा करायला मन तयार होत नाही. आजूबाजूचे लोक आपल्याला खुळ्यात काढतात.

पश्चिमेला तोंड करायचंच असेल तर लाटेकडे बघा. सूर्य खाली आला की फुटायच्या आधी उभी राहिलेली लाट मागून उजळते, तिचा पातळ माथा बाटलीच्या काचेसारखा हिरवा होतो. झूमचं लांबचं टोक वापरा, २०० एमएम असेल तर छान, आणि गोळा चौकटीबाहेर ठेवा. सकाळी याच्या उलट. ऊन डोंगरावरून, आपल्या पाठीमागून येतं, फेस पांढरा स्वच्छ आणि पाणी गडद. आमच्याकडे सकाळी कुणीच फोटो काढत नाही, कारण ‘समुद्रावर सूर्योदय दिसत नाही’. नको दिसू दे. साडेसातला वाळूवर रात्रीत उमटलेली पावलं असतात, टिटवीची, कोल्ह्याची, कुत्र्याची.

तंत्राचं दुकान

ही यादी लांबवता येते, पण मी फक्त वापरून बघितलेलं लिहितो.

संथ शटर. सगळे ३० सेकंद लावून समुद्राचं धुकं करतात. पहिल्यांदा भारी वाटतं, दहाव्यांदा सगळे समुद्र दही लावल्यासारखे. १/४ ते १/२ सेकंद करून बघा, आणि लाट येताना नाही, परतताना दाबा. फेसाच्या रेघा खडकाभोवती विंचरल्यासारख्या ओढल्या जातात. सूर्य बुडाल्यावर एनडी फिल्टरशिवाय (उजेड कमी करणाऱ्या काळ्या काचेशिवाय) जमतं.

इथे एक नेहमीचं दुखणं: ओल्या वाळूत ट्रायपॉड रुततो आणि फोटो हलतो. लाट पायाखालची वाळू काढून नेते, कॅमेरा अर्धा मिलिमीटर खाली बसतो, तेवढं पुरतं. उपाय म्हणून मी प्रत्येक पायाखाली नारळाची करवंटी उपडी ठेवतो, वरून दाबून बसवतो आणि एक लाट जाऊ देतो. त्यानंतरच बटण. विकतच्या चकत्या मिळतात म्हणे, करवंटी घरात मिळते.

कॅमेरा मुद्दाम हलवणं. सुरूच्या बनात संध्याकाळी आयएसओ १००, एफ/१६ ला शटर १/४ च्या आसपास येतं. बटण दाबताना कॅमेरा वरून खाली सरळ ओढायचा. खोडं रंगाच्या पट्ट्या होतात, मधून समुद्राचा निळा उभा फाटा. चाळीस काढले तर दोन राहतात. नारळीच्या बागेत मला कधी जमलं नाही, खोडं वाकडी असतात आणि पट्टे भांडतात. सुरू सरळ, त्याच्याशी जमतं.

पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर. खाडीत फिरवून बघा. एका बाजूला पाण्यावरची चमक जाऊन तळाचा चिखल, मुळं, मासे दिसतात, दुसऱ्या बाजूला आभाळ परत येतं. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून खाली बघितलं तर परिणाम सगळ्यात जास्त. पण ओल्या वाळूतलं आभाळाचं प्रतिबिंब हाच विषय असेल तर तो काढून खिशात घाला. मी एक आख्खा हंगाम तो लेन्सवर चढवूनच ठेवला होता आणि प्रतिबिंबं का येत नाहीत म्हणून हैराण होतो.

एक्सपोजर. काळपट तिवरांसमोर पांढरा बगळा उभा असेल तर कॅमेरा काळोख बघून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळतात. एक घर खाली, म्हणजे −१. कोरड्या पांढऱ्या वाळूवर उलट, +१ च्या दिशेने, नाहीतर वाळू राखाडी. मोबाइलवाल्यांनी फोटो घेण्याआधी पडद्यावर बोट दाबून उजेडाची पट्टी खाली ओढायची. मोबाइल स्वतःहून सावल्या उजळ करतो, म्हणून त्यात काळी आकृती, नुसती कडा असा फोटो कधी येतच नाही. सगळे मोबाइल फोटो एका साच्यातले वाटतात त्याचं मोठं कारण हे.

पावसाळ्यात काय, हा प्रश्न हमखास येतो

सडा. समुद्र खवळलेला, होड्या झापाखाली, आभाळ पांढरं. त्या पांढऱ्या आभाळाला फोटोत जागाच देऊ नका. ढगाळ उजेड मऊ असतो आणि खालच्या बारीक फुलांना त्याच्यासारखा उजेड नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात जांभ्याच्या सड्यावर बोटभर मातीत सीतेची आसवं निळी पसरतात, मध्ये पांढरे गेंद, कडेला तेरडा. सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत, मुळांसारख्या तंतूंवरच्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले जीव पकडतात. शेजारी दवबिंदू नावाची वनस्पती मिळाली तर थांबा. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात आणि बहुतेक वेळा एखादा डास अडकलेला असतो. तो थेंब नुसता भिंगासारखा. साधी झूम लेन्स असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधली पोकळ नळी) लावा, मॅक्रो लेन्सच्या मानाने पुष्कळ स्वस्त. गुडघे टेकायला कातळाचा उघडा भाग शोधा. मातीचा थर पातळ असतो, पाय पडला की त्या जागेची फुलं त्या वर्षापुरती गेली.

रात्रीचं थोडक्यात. थंडीत कधी कधी लाटा निळ्या चमकतात, ते नॉक्टिलुका नावाचे एकपेशीय जीव. अमावास्येच्या आसपास, दिव्यांपासून लांब, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ १६०० ते ३२००, दहा-पंधरा सेकंद. फोकस उजेड असतानाच लांबवर करून पट्टी चिकटवून ठेवा, अंधारात कॅमेऱ्याला काही सापडत नाही. आणि वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बघायला गेलात तर फ्लॅश नको आणि टॉर्चही नको. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, समुद्र सोडून भलतीकडे वळतात. असा फोटो नसलेला बरा.

तरीही अडलं तर सुतळी

इतकं करून एखाद्या दिवशी काहीच दिसत नाही. माझं महिन्यातून एकदा तरी होतं. त्यासाठी पिशवीत सुतळीचा तुकडा ठेवतो. दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखायचा, जागा न निवडता, जिथे पिशवी ठेवली तिथेच. तासभर त्याच्या बाहेर जायचं नाही आणि तीसच्या वर फोटो काढायचे नाहीत. पहिली पंधरा मिनिटं भयंकर कंटाळा येतो, मोबाइल बघावासा वाटतो. मग मर्यादवेलीच्या पानावरून चालणारी मुंगी दिसते. तिच्यामागून पानाची शीर, शिरेतून आरपार येणारं ऊन. एकदा असाच चौकोन नेमका प्लास्टिकच्या कचऱ्यावर आला. तुटक्या बाटलीत एक शंखातला खेकडा घर करून बसला होता. त्या दिवसाच्या तीस फोटोंपैकी तोच एक ठेवला.

मुलीला परवा काळ्या वाळूतलं ते उलटं पिंपळाचं झाड दाखवलं. तिने फोटो फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "हे कुठलं?" तिच्या शाळेच्या वाटेवरचंच आहे म्हटल्यावर विश्वास बसेना, म्हणून येत्या पौर्णिमेला ती बरोबर येणार आहे. तिच्यासाठी वेगळं गोणपाट धुऊन वाळत घातलं आहे.

आणि हो, घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवून गोड्या पाण्याने धुवा, लॉक उघडून आतली वाळू काढा, सुकल्यावरच बंद करा. एकदा कंटाळा केला होता. तिसरा पाय आता पान्याने उघडावा लागतो.